संख्यानामांची सुधारणा आणि बोलीभाषक विद्यार्थी

महाराष्ट्रात गणिताच्या अध्यापनाविषयी विचार पुष्कळ झाला. परंतु त्या अध्यापनाच्या भाषेविषयी जो विचार झाला तो बहुतांशी गणितज्ञांनीच केला, आणि भाषाशास्त्राचे अभ्यासक त्यापासून अलिप्त राहिले. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून २०१९ च्या जूनमध्ये जो वाद माजला, त्यात ही अलिप्तता विशेष जाणवली. एकवीस ते नव्व्याण्णव या संख्या 'वीस एक', 'वीस दोन' अशा रीतीनेही वाचाव्यात, अशी त्या पुस्तकातील सूचना होती. परंपरागत नावे रद्द केलेली नव्हती. ती शेजारी कायम होती. तथापि वृत्तपत्रांतून आणि विधानसभेतून या सूचनेची थट्टाच अधिक झाली. तिच्यामागील भाषिक विधान खरे की खोटे, हा मूळ प्रश्न बाजूला राहिला. त्याचाच विचार येथे करावयाचा आहे. आणि तो पुण्यामुंबईतील प्रमाणभाषक विद्यार्थ्याच्या दृष्टीने नव्हे, तर ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांतील, शेणव्यासारख्या गावाच्या परिसरातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने करावयाचा आहे.

सुधारणेचा पुरस्कार करणाऱ्या समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर (१९४३–२०२३) या अंकशास्त्राच्या अभ्यासक होत. मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. त्यांनी १९८१ मध्ये संपादन केली. विद्यापीठीय अध्यापनाबरोबरच 'गणितगप्पा' यासारख्या पुस्तकांतून त्यांनी हा विषय मुलांपर्यंत नेला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, मराठी संख्यानामे लिहिण्याच्या क्रमाशी विसंगत आहेत आणि त्यांतील जोडाक्षरे लहान मुलांना जड जातात.

हे निदान भाषिक दृष्ट्या निर्दोष आहे. 'त्रेचाळीस' या शब्दात तीन आधी उच्चारला जातो. लिहिताना मात्र चार आधी येतो. ऐकल्याप्रमाणे लिहिणारे मूल ३४ लिहिते, ते अज्ञानामुळे नव्हे, तर शब्दाशी प्रामाणिक राहिल्यामुळे. याहून मोठी अडचण रूपभेदांची आहे. 'दोन' हा अंक 'बावीस'मध्ये 'बा' होतो, 'बत्तीस'मध्ये 'ब', 'बेचाळीस'मध्ये 'बे' आणि 'ब्याऐंशी'मध्ये 'ब्या'. 'पन्नास' हा 'बावन्न'मध्ये 'वन्न' आणि 'त्रेपन्न'मध्ये 'पन्न' होतो. 'सत्तर'चा 'हत्तर', 'साठ'चा 'सष्ट' होतो. एकोणीस ते एकोणनव्वद ही आठ नावे वजाबाकीने सिद्ध होतात. नव्व्याण्णव मात्र बेरजेने. प्राकृतातून आलेल्या ध्वनिपरिवर्तनांचा हा संचय भाषेच्या इतिहासकाराला मोलाचा वाटेल. सात वर्षांच्या मुलाला मात्र शंभरापर्यंतची नावे जवळजवळ सुटी सुटीच पाठ करावी लागतात. शेजारच्या कन्नड भाषेत दशक आधी व एकक नंतर येतो. चिनी भाषेत एकवीसला 'दोन दहा एक' असे म्हणतात. नॉर्वेमध्ये तर १९५१ साली दशक आधी उच्चारण्याची पद्धत शासनाने अधिकृत केली. जुनी पद्धत मात्र लोकांच्या बोलण्यातून नाहीशी झाली नाही. तेव्हा संख्यानामांत हात घालणे म्हणजे भाषेचा द्रोह, हा आक्षेप टिकणारा नाही.

परंतु निदान बरोबर असले म्हणजे उपचारही बरोबर असतो असे नाही. 'वीस एक' या शब्दसमूहाला मराठीत आधीच एक अर्थ आहे. 'वीसएक माणसे आली' याचा अर्थ सुमारे वीस माणसे आली असा होतो. 'दहाएक', 'पन्नासएक', 'शंभरएक' ही सर्व रूपे अंदाज दाखवणारी आहेत. नेमकेपणा शिकवण्यासाठी जी रचना निवडली, ती निदान एका एककाच्या बाबतीत बोलभाषेत अनिश्चिततेची खूण आहे. अशा प्रकारचा विरोध हेरणे हे भाषाशास्त्रज्ञाचे काम होते. गणिताच्या पुस्तकांत स्थानिक किंमत शिकवताना '२ दशक १ एकक' असे म्हणतातच. ती रचना पारदर्शकही आहे आणि संदिग्धही नाही. नवी नावे घडवण्याऐवजी या रचनेलाच वाचनाचा दर्जा देता आला असता.

यापुढील प्रश्न शेणव्याच्या परिसराचा आहे. या दोन तालुक्यांत कुणबी व आगरी यांच्याबरोबर ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी या समाजांची वस्ती आहे. यांपैकी बहुतेकांच्या बोलींची नोंद ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या ७ व्या खंडात (१९०५) आढळते. उत्तर कोकणातील अनेक बोलींत 'ळ'च्या जागी 'ल' आणि 'ण'च्या जागी 'न' येतो. 'एकोणचाळीस' हा शब्द अशा बोलीच्या मुलाला दोन वर्ण बदलून, वजाबाकी ओळखून आणि मग क्रम फिरवून लिहावा लागतो. प्रमाणभाषक मुलावर पडणाऱ्या भाराला येथे आणखी एक भार जोडला जातो. या दृष्टीने पाहता सुधारणेची खरी गरज येथेच होती. परंतु तिचे समर्थन किंवा खंडन करणाऱ्यांनी या मुलाचे नाव क्वचितच घेतले.

त्याच वेळी हेही ध्यानात घेतले पाहिजे की, हे मूल संख्येला अपरिचित नसते. कोडी म्हणजे वीस, पायली म्हणजे चार शेर, पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही परिमाणे भातशेतीच्या व बाजाराच्या व्यवहारातील आहेत. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाची मजुरी हजार विटांच्या हिशेबाने ठरते आणि तिच्यातून घेतलेली उचल वजा होते. हा हिशेब मालकाच्या तोंडून 'सत्त्याऐंशी', 'त्र्याण्णव' याच शब्दांत येतो. ज्याला केवळ 'ऐंशी सात' समजते, त्याला आपली मजुरी पडताळता येणार नाही. म्हणून नवी रीत ही जुन्या नावाकडे नेणारा सेतू म्हणूनच समर्थनीय ठरते, पर्याय म्हणून नव्हे. पुस्तकाने दोन्ही रूपे दिली हे योग्य केले. एका रूपावरून दुसऱ्याकडे कसे जावयाचे, यासाठी मात्र स्वतंत्र पाठ हवे होते.

या संदर्भात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात आणि पुढे मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांत काम केले. केंद्राचे पहिले संचालक व्ही. जी. कुलकर्णी यांनी पाठ्यपुस्तकाच्या भाषेचा काठिण्याशी असलेला संबंध आग्रहाने मांडला. त्यांच्या विचाराचा व्याप केवळ शब्दापुरता नव्हता, वाक्यापर्यंत होता. 'टोपलीत ४५ आंबे होते. १७ विकले. किती उरले?' हे उदाहरण आणि 'टोपलीतील ४५ आंब्यांपैकी १७ आंबे विकल्यानंतर उरलेल्या आंब्यांची संख्या काढा' हे उदाहरण गणित म्हणून एकच आहे. दुसऱ्यात मात्र घटनांचा क्रम विशेषणांच्या आत दडलेला आहे. बोलीभाषक मूल येथे अडखळते आणि गुणपत्रिकेत त्याची नोंद 'गणितात कच्चा' अशी होते.

२०१९ च्या सुधारणेची खरी मर्यादा ही की, तिने शब्द हाती घेतला आणि वाक्य जसेच्या तसे सोडले. तरीही भाषेचा भार मुलावर पडतो, हे अभ्यासक्रमाच्या पातळीवर मान्य करण्याचे धैर्य डॉ. नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. ठाकरी, कातकरी व वारली बोलींत संख्या, तुलना आणि वाटणी यांसाठी कोणती रूपे प्रचारात आहेत, याची वर्णनात्मक नोंद शाळेच्या उपयोगासाठी सिद्ध करणे हे पुढचे काम आहे. ते गणितज्ञांकडून अपेक्षिणे अन्याय्य ठरेल. ते विद्यापीठांतील मराठी व भाषाशास्त्र विभागांनीच केले पाहिजे.