नवी पुस्तके: किती नवी आणि कुणासाठी नवी?

डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या स्मरणार्थ १२ ऑगस्ट हा दिवस आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. या सुमारास अनेक महाविद्यालयांची ग्रंथालये वर्षभरात घेतलेल्या पुस्तकांचे प्रदर्शन मांडतात आणि काही ठिकाणी आसपासच्या शाळांतील शिक्षकांना व वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनाही बोलावतात. ही प्रथा स्वागतार्ह आहे. तालुक्याच्या गावी विज्ञानाची पुस्तके पाहायला मिळण्याचे महाविद्यालयाचे ग्रंथालय हे पुष्कळदा एकमेव ठिकाण असते. असेच एक प्रदर्शन आम्ही पाहिले. नवी पुस्तके, भित्तिफलक आणि संगणकावरील साधने असे त्याचे तीन भाग होते. महाविद्यालयाचे नाव देण्याचे येथे कारण नाही, कारण तेथे दिसलेले गुणदोष इतरत्रही कमीअधिक प्रमाणात आढळतात.

रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तक हे वापरासाठी असते. वाचकाला त्याच्या कामाचे पुस्तक मिळावे. पुस्तकालाही त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाया जाऊ नये. आणि ग्रंथालय सतत वाढत राहावे, असा त्यांचा थोडक्यात आशय. या नियमांचा फलक प्रदर्शनाच्या दारातच लावला होता. तेव्हा हीच मोजपट्टी घेऊन आत जाणे योग्य ठरेल.

छपाई नवी, मजकूर जुना

प्रथम चांगली बाजू. पुस्तके काचेच्या कपाटात नव्हती, उघड्या टेबलांवर होती. मुले ती हातात घेत होती, चित्रे पाहत होती आणि कुणी त्यांना हटकत नव्हते. पहिल्या नियमाचे एवढे पालनही सगळीकडे होत नाही.

परंतु टेबलावरची निम्मी जागा स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांनी व्यापली होती. विद्यार्थी ते मागतात, म्हणून ग्रंथालय ते घेते. त्याला आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्यांना सरसकट ‘नवे’ म्हणण्याला. अगदी अलीकडे छापलेल्या एका मार्गदर्शकात किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या वृत्तचितीचे वस्तुमान, असे दिले होते. ही व्याख्या २० मे २०१९ रोजी मोडीत निघाली. त्या दिवसापासून किलोग्रॅम हा प्लांकच्या स्थिरांकाच्या निश्चित केलेल्या मूल्यावरून ठरतो. म्हणजे कागद नवा, शाई नवी, पण आतला मजकूर मात्र कालबाह्य!

शिक्षकांना अशी परीक्षा सहज घेता येईल. आवर्तसारणी उघडावी. ११३, ११५, ११७ व ११८ या अणुक्रमांकांची मूलद्रव्ये निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन व ओगॅनेसन या नावांनी दिली आहेत का, ते पाहावे. ही नावे नोव्हेंबर २०१६ मध्ये मान्य झाली. खगोलशास्त्राच्या पुस्तकात शनीचे पान काढावे. मार्च २०२५ मध्ये १२८ उपग्रहांची भर पडून त्याच्या ज्ञात उपग्रहांची संख्या २७४ झाली. पुस्तकात आकडा कमी असेल तर बिघडत नाही. मात्र तो कोणत्या वर्षीचा आहे हे लिहिलेले असले पाहिजे. वर्ष न देता आकडे देणाऱ्या विज्ञानपुस्तकावर विसंबणे धोक्याचे.

जुने, पण शिळे नव्हे

त्याच टेबलाच्या कोपऱ्यात मायकेल फॅरडे यांच्या मेणबत्तीवरील व्याख्यानांची एक प्रत होती. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात मुलांसमोर दिलेली ही सहा व्याख्याने. ज्योतीच्या मधल्या काळसर भागात काचेच्या बारीक नळीचे एक टोक धरले, की मेणाची वाफ नळीतून बाहेर येते आणि दुसऱ्या टोकाशी पेटवता येते. ज्योतीत खरोखर काय जळते, हे या एका प्रयोगाने स्पष्ट होते. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, पण प्रयोग आजही तसाच होतो. आठवीच्या वर्गात तो करून दाखवायला मेणबत्ती, काचनळी, चिमटा आणि शिक्षकाची देखरेख एवढेच लागते.

डॉ. सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील इंग्रजी पुस्तक प्रथम १९४१ मध्ये आले आणि पुढे त्याच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या. काही पक्ष्यांची शास्त्रीय नावे दरम्यान बदलली. पण पक्षी कसा पाहावा, चोच, शेपटी, आवाज आणि वावरण्याची जागा यांची नोंद कशी ठेवावी, हे शिक्षण जुने होत नाही.

यातून एक सूत्र हाती लागते. केवळ माहिती देणारी पुस्तके लवकर शिळी होतात. कृती आणि निरीक्षण शिकवणारी पुस्तके टिकतात. ग्रंथालयाचा पैसा मोजकाच असतो. मग तो दरवर्षी माहितीच्या जाड पुस्तकांवर घालवून टिकाऊ पुस्तकांची एकच प्रत घ्यायची, हा उलटा व्यवहार झाला. बदलती माहिती संगणकावरून घ्यावी आणि प्रयोगाच्या, निरीक्षणाच्या चांगल्या पुस्तकांच्या चार-पाच प्रती घ्याव्यात. वर्गातील मुलांचे गट पाडले तर त्या प्रत्यक्ष वापरल्या जातील.

मराठी पुस्तके कुठे होती?

खगोलशास्त्राच्या टेबलावर एकही मराठी पुस्तक नव्हते. चौकशी केली तेव्हा डॉ. जयंत नारळीकर यांचे ‘आकाशाशी जडले नाते’ मराठी विभागात, कथा-कादंबऱ्यांच्या शेजारच्या कपाटात निघाले. ड्यूई दशांश वर्गीकरणात खगोलशास्त्राचा क्रमांक ५२० आणि पक्ष्यांचा ५९८. पुस्तक कोणत्या भाषेत आहे याने हा क्रमांक बदलत नाही. सोयीसाठी भाषेचा वेगळा विभाग केला, तरी विषयाच्या कपाटावर ‘या विषयाची मराठी पुस्तके अमुक ठिकाणी’ अशी एक पट्टी लावायला खर्च येत नाही. ती नसेल तर मराठी माध्यमातील मुलाचा समज होतो, की विज्ञान इंग्रजीतच असते आणि मराठीत फक्त गोष्टी असतात. पुस्तक ग्रंथालयात असूनही त्याच्यापर्यंत पोचत नाही, ही या प्रदर्शनातील सर्वांत गंभीर उणीव आम्हाला वाटली.

भित्तिफलक

शास्त्रज्ञांची चित्रे, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि पारितोषिके, असा फलकांचा ठरलेला साचा येथेही होता. त्यांनी केले काय, हे मात्र एखाद्या ओळीत उरकलेले, आणि तीही नेहमी बिनचूक नसते. सर सी. व्ही. रामन यांच्या फलकावर आकाश निळे का दिसते याचे उत्तर म्हणजे रामन परिणाम, असे लिहिले होते. ही चूक शाळांतही वारंवार होते. १९२१ च्या सागरप्रवासात समुद्राच्या निळाईने रामन यांचे कुतूहल जागे झाले हे खरे. पण आकाशाच्या निळ्या रंगाचे कारण रॅले यांचे प्रकीर्णन होय. त्यात प्रकाशाची तरंगलांबी बदलत नाही. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी प्रकाशात आलेल्या रामन परिणामात प्रकाशाचा अगदी थोडा अंश बदललेल्या तरंगलांबीसह बाहेर पडतो, आणि शोधाचे महत्त्व त्यातच आहे. फलकाखाली पाण्याचा पेला, दुधाचे चार थेंब आणि एक टॉर्च ठेवला असता, तर पेला बाजूने निळसर आणि समोरून पिवळसर-तांबूस दिसतो हे मुलांनी स्वतः पाहिले असते. मग रामन परिणाम याहून वेगळा कसा, हे सांगायला जागा मिळाली असती.

संगणकावरील साधने

तिसऱ्या भागात भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, मराठी विश्वकोश आणि अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ यांचे क्यूआर कोड एका फलकावर छापले होते. निवड उत्तम आहे. पहिले साधन आयआयटी खरगपूरने उभारले असून २०१८ मध्ये ते राष्ट्राला अर्पण झाले. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून करायची खेळणी आणि मराठीसह अनेक भाषांतील पुस्तके विनामूल्य मिळतात. विश्वकोशाचे वीस खंडही आता संगणकावर मोफत वाचता येतात. तो वापरताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. पहिला खंड १९७६ चा आणि विसावा २०१५ चा. त्यामुळे ‘अणु’ने सुरू होणारी नोंद आणि शेवटच्या खंडातील नोंद यांच्यात जवळजवळ चाळीस वर्षांचे अंतर आहे. विश्वकोश मंडळाच्या ज्ञानमंडळांनी केलेल्या नव्या नोंदी सोबत पाहिल्यास हे अंतर बरेच भरून निघते.

पण नुसता कोड लावून काम भागत नाही. तो संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर नेऊन सोडतो. पुढे हवे ते शोधताना मूल हरवते. शिवाय शाळेतून आलेल्या मुलांच्या हाती फोन नसतोच. ‘इयत्ता नववी, ध्वनी: हे दोन प्रयोग, हा एक लेख’ अशी छापील कार्डे ठेवली असती तर वाचकाचा वेळ वाचवण्याचा नियम पाळला गेला असता. अशी कार्डे तयार करणे हे मात्र ग्रंथपालाचे एकट्याचे काम नव्हे. विषय आणि इयत्ता जाणणाऱ्या शिक्षकानेच त्यात पुढाकार घ्यायला हवा.

पुढे काय करावे?

प्रदर्शन पाहून मुलांनी विचारले, ‘ही पुस्तके घरी नेता येतील का?’ उत्तर नकारार्थी होते, कारण सभासदत्व फक्त महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना. ग्रंथालयाच्या अडचणी आम्ही समजू शकतो. पुस्तके हरवली तर जाब त्यांनाच द्यावा लागतो. तरीही मुख्याध्यापकांच्या पत्रावर शाळेच्या नावे एक खाते उघडून, शिक्षकाच्या जबाबदारीवर महिन्याला दहा पुस्तके देणे अशक्य नसावे. शिक्षकांनी ही मागणी लेखी करावी आणि तिच्यासोबत हव्या असलेल्या पुस्तकांची यादीही द्यावी. कोणी मागतच नाही अशी तक्रार मग कोणाला करता येणार नाही.

पुढच्या वर्षी प्रदर्शनाला जाल तेव्हा चकचकीत मुखपृष्ठांबरोबर पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली देवघेवीच्या तारखांची चिठ्ठीही पाहा. गेल्या वर्षीच्या नव्या पुस्तकांतील ही चिठ्ठी कोरी असेल, तर त्यांच्यासाठी यंदाही वाचक शोधायला हवेत, आणि ते तुमच्या वर्गात बसलेले आहेत.