चर्चासत्र आणि चर्चा : वऱ्हाडातील सामाजिक शास्त्रांच्या व्यासपीठाची चिकित्सा

सामाजिक शास्त्रे आणि सार्वजनिक धोरण या विषयांवरील व्याख्याने, परिसंवाद व चर्चासत्रे यांची अमरावती-अकोला परिसरात आता वानवा राहिलेली नाही. दिवाळीनंतर महाविद्यालये सुरू झाली की राज्यस्तरीय, राष्ट्रीय आणि क्वचित आंतरराष्ट्रीय चर्चासत्रांची निमंत्रणे येऊ लागतात. प्रस्तुत लेखात कोणत्याही एका चर्चासत्राचे नव्हे, तर या प्रकाराचे परीक्षण करावयाचे आहे. कादंबरीचे परीक्षण होते, नाटकाचे होते; चर्चासत्राचा मात्र केवळ अहवाल लिहिला जातो आणि अहवालात प्रत्येक चर्चासत्र यशस्वीच झालेले असते.

महाराष्ट्रातील व्याख्यानपरंपरेचा आरंभ सांगताना पुण्याच्या १८७५ च्या वसंत व्याख्यानमालेचा आणि न्यायमूर्ती रानडे यांचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. रानड्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर दिलेले व्याख्यान आजही अभ्यासक्रमात टिकून आहे. वऱ्हाडही या परंपरेपासून दूर नव्हते. १८९७ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली भरले, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते आणि देश त्या वेळी दुष्काळ व प्लेग या दोन्ही आपत्तींतून जात होता. पुढे २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. आंबेडकरांनी पुण्यात काळे स्मृती व्याख्यान दिले. विषय होता १९३५ च्या कायद्यातील संघराज्य योजना. एक वक्ता, एक कायदा आणि त्या कायद्याची कलमवार चिकित्सा असे त्याचे स्वरूप होते. व्याख्यान छापले गेले, म्हणून त्याच्याशी मतभेद व्यक्त करणेही शक्य झाले. मतभेद शक्य होणे हीच माझ्या मते सार्वजनिक व्याख्यानाची पहिली कसोटी होय.

या कसोटीवर आपल्या भागातील चर्चासत्रे तपासताना शेतकरी आत्महत्या हा विषय घेणे क्रमप्राप्त आहे. डिसेंबर २००५ मध्ये राज्य शासनाने १,०७५ कोटी रुपयांचे आणि १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी जाहीर केले. तेव्हापासून ‘शेतकरी आत्महत्या : कारणे व उपाय’ हे शीर्षक आपल्याकडे जवळजवळ कायम झाले आहे. तत्पूर्वीच मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये अहवाल दिला होता आणि जानेवारी २००६ मध्ये इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेसाठी श्रीजित मिश्रा यांचा अहवाल आला. राज्यातील पुरुष शेतकऱ्यांमधील आत्महत्येचे प्रमाण १९९५ मध्ये दर लाखामागे १५ होते, ते २००४ मध्ये ५७ झाले, हा मिश्रा यांचा निष्कर्ष आपल्याकडील बहुतेक शोधनिबंधांत उद्धृत होतो. तथापि त्यांचे क्षेत्रीय सर्वेक्षण वर्धा, वाशीम व यवतमाळ या तीन जिल्ह्यांतील १११ कुटुंबांपुरते होते. त्यात अमरावती नाही, अकोलाही नाही. असे असूनही त्यातील कर्जबाजारीपणाची टक्केवारी ‘अकोला जिल्ह्यातील’ म्हणून वाचली गेल्याचे मी स्वतः ऐकले आहे. दुसरे असे की, मिश्रा यांनी कर्ज, पिकाची नापिकी, आजारपण, कौटुंबिक कलह यांना एकत्र वावरणारे जोखमीचे घटक मानले आहे. आपण त्यांची क्रमांक घातलेली ‘कारणे’ करून टाकली. कारणांची यादी झाली की उपायांची यादी आपोआप तयार होते. सिंचन, पीकविमा, प्रबोधन. यात विचार कोठे आला?

काही वर्षांपूर्वी अशाच एका चर्चासत्रात मी एका सत्राचा अध्यक्ष होतो. महाविद्यालयाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. उद्घाटन सव्वा तास लांबले होते, त्यामुळे नऊ शोधनिबंधांना प्रत्येकी सहा मिनिटे मिळाली. शेवटच्या रांगेतून एक वयस्क शेतकरी उठले आणि त्यांनी विचारले, “सर, मेलेला मानूस अपात्र कसा होते जी?” सभागृहात थोडे हसू उमटले. समन्वयकांनी घड्याळाकडे बोट दाखविले आणि मी, अध्यक्ष या नात्याने, भोजनाची सूचना दिली. त्या सूचनेचे ओझे अद्याप उतरलेले नाही.

वास्तविक त्या दिवशीचा एकमेव संशोधनप्रश्न तोच होता. आत्महत्येचे प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जाते. जमीन कुटुंबाच्या नावावर आहे काय, मान्यताप्राप्त संस्थेचे कर्ज थकीत आहे काय, वसुलीचा तगादा होता काय, हे पाहून ते ‘पात्र’ वा ‘अपात्र’ ठरते. पात्र कुटुंबास एक लाख रुपयांची मदत मिळते. ज्याने सावकाराकडून तोंडी कर्ज घेतले, ज्याने बटईने शेती केली, ज्या स्त्रीच्या नावे सातबारा नाही, त्यांचे काय होते? अमरावतीच्या विभागीय आयुक्त कार्यालयात २००१ पासूनची जिल्हावार नोंद ठेवली जाते. समाजशास्त्र, अर्थशास्त्र व लोकप्रशासन या तिन्ही विभागांनी मिळून एका तालुक्यातील अपात्र प्रकरणांचा जरी अभ्यास केला असता, तरी मुंबईच्या अहवालात नसलेली गोष्ट अमरावतीने सांगितली असती.

अनुशेषाच्या विषयाचीही हीच गत आहे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये आणि त्यात विदर्भाचा वाटा १,२४६.५५ कोटी रुपये ठरविला, हे आकडे आपल्याला मुखोद्गत आहेत. समितीने जिल्हा हा घटक धरला होता. अमरावती जिल्ह्याच्या सरासरीत वरुडची संत्राबाग आणि धारणी-चिखलदऱ्याचा मेळघाट एकत्र येतात; दर्यापूर-अकोटकडील खारपाणपट्ट्याचा प्रश्न तर आणखी वेगळा. घटकाच्या या निवडीविषयी वाद घालण्यास आपल्याइतके योग्य ठिकाण दुसरे नाही. वैधानिक विकास मंडळाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, त्यावर भाषणे पुष्कळ झाली. मंडळाच्या कामाचे मूल्यमापन मात्र माझ्या ऐकण्यात आले नाही.

हे असे का झाले, याचे सोपे उत्तर गुणांच्या तक्त्यात आहे. २०१० च्या यूजीसी विनियमांनी राष्ट्रीय चर्चासत्रातील निबंधास ७.५ आणि स्थानिक पातळीवरील निबंधास ३ गुण दिले. परिणामी चर्चासत्राचे नाव ‘राष्ट्रीय’ झाले आणि विषय गावाकडून देशाकडे सरकला. २०१८ मध्ये गुण घटले, सवय राहिली. २०२० च्या टाळेबंदीत तर प्रश्नमंजुषा सोडवून प्रमाणपत्र मिळू लागले. परंतु सारा दोष तक्त्यावर टाकणे मला पटत नाही. गाडगेबाबांच्या नावाच्या विद्यापीठात आपण शिकवितो. त्यांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांना विचारलेल्या प्रश्नांची मालिका असे, आणि श्रोत्यांनी उत्तर दिल्याशिवाय ते पुढे जात नसे. आपल्या व्यासपीठावर प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला आहे, हे कोणत्याही विनियमाने ठरवून दिलेले नाही. ते आपणच ठरविले आहे.

यासाठी अनुदानाची गरज नाही. एका दिवसात नऊऐवजी दोन निबंध घ्यावेत, ते पंधरा दिवस आधी मराठीत वाटावेत, आणि ज्यांच्याविषयी ते लिहिले आहेत त्यांच्यासह तलाठी व सेवा सहकारी सोसायटीचे गटसचिव यांनाही बोलवावे. ग्रंथात निबंधांबरोबर झालेली प्रश्नोत्तरेही छापावीत. मी अध्यक्ष असलेल्या त्या चर्चासत्राचा आयएसबीएन क्रमांकाचा जाड ग्रंथ माझ्या कपाटात आहे. त्यात उद्घाटनाची छायाचित्रे आहेत, सत्राध्यक्ष म्हणून माझे मनोगतही आहे. त्या शेतकऱ्याचा प्रश्न नाही.