बोलणाऱ्याच्या मनातील पहारेकरी

बोलण्यातील चूक म्हणजे अज्ञान अथवा निष्काळजीपणा, अशी आमच्या सुशिक्षित समाजाची समजूत आहे. ती अपुरी आहे. डच मानसशास्त्रज्ञ विलेम लेवेल्ट यांनी 1983 साली असे प्रतिपादन केले की, बोलणारा हा स्वतःचाच श्रोता असतो. शब्द ओठांवर येण्यापूर्वीच तो मनात ऐकून पारखतो. मात्र हा पहारेकरी सर्वसाक्षी नव्हे. लेवेल्ट यांच्या प्रयोगात रंगांची नावे सांगताना झालेल्या चुकांपैकी निम्म्याहून कमी चुका बोलणाऱ्यांनी स्वतः सुधारल्या.

शिवाय त्यास लोकलज्जाही असते. अमेरिकेत मोटले, कॅम्डन व बार्स यांनी 1982 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अक्षरांची अदलाबदल होऊन अश्लील शब्द निघावा अशी योजना केली होती. पण तसे शब्द साध्या शब्दांपेक्षा कमी निघाले. म्हणजे पहारेकरी चुकीबरोबर अब्रूही राखतो.

आता नांदेड-लातूरकडे पाहू. निजामी राजवट 1948 साली संपेपर्यंत येथील शिक्षणात व कारभारात उर्दूचे प्राबल्य होते. दोन भाषा बोलणाऱ्याच्या मनात दोन्ही एकाच वेळी जाग्या असतात. मराठीत 'दुकान उघडले', उर्दूत 'दुकान खुली'. मराठीत 'आवाज आला', उर्दूत 'आवाज आई'. येथे पहारा हवाच. उलट मराठीचा 'नको' दखनीत 'नक्को' होऊन नांदू लागला, निश्चयाचा 'च'ही तिकडे रुळला. त्यांस चूक म्हणता येणार नाही.

परंतु 'काय करायलास?' या वाक्याचे काय? ही जिभेची घसरण नव्हे; 'काय करतो आहेस?' याचेच ते तिकडील नियमबद्ध रूप आहे. तरी वर्गात त्यावर एकदा हशा पिकला की, मुलाच्या मनातील पहारेकरी त्यास अश्लील शब्दाच्या पंक्तीस बसवितो. पुढे तो मुलगा सभेत उभा राहिला म्हणजे प्रत्येक क्रियापद तपासीत बसतो. अवधान मुळातच मर्यादित. ते क्रियापदांवर खर्च झाल्यावर युक्तिवादाकडे कोण पाहणार? तो अडखळतो, आणि त्यास विषय समजलाच नाही असे आम्ही ठरवितो.

ग्रंथलेखनास प्रमाणभाषा हवी, हे आम्हांस मान्य आहे. पण वक्तृत्वाच्या परीक्षकांनी गुण देण्यापूर्वी, मुलास काय सांगावयाचे होते एवढे आधी ऐकावे. त्याच्यावर पहारा करण्यास त्याचे मन पुरेसे आहे.