अनामत : मुलाखत व गटचर्चेतील गोपनीयतेचा प्रश्न

सामाजिक शास्त्रांतील कोणताही प्रबंध उघडला की संशोधन पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य हमखास आढळते : 'प्रतिसादकांनी दिलेली माहिती पूर्णपणे गोपनीय ठेवण्यात आली आहे.' प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर हेच वाक्य भविष्यकाळात छापलेले असते. मात्र ही गोपनीयता कशी पाळली, कोणापासून पाळली आणि कुठपर्यंत पाळणे शक्य होते, याविषयी पुढे काहीच नसते. नमुना निवडीवर तीन पाने लिहिणारा संशोधक गोपनीयता एका ओळीत आटोपतो. मार्गदर्शक ती ओळ वाचून पुढे जातो आणि बहिःस्थ परीक्षकही तिच्यावर प्रश्न विचारत नाही. प्रस्तुत लेखात या एका वाक्याची चिकित्सा करावयाची आहे. आपल्या महाविद्यालयांतील बरेचसे संशोधन मुलाखत आणि गटचर्चा यांवर उभे असते आणि बोलणारी माणसे बहुधा आपल्याच गावची असतात, म्हणून हा प्रश्न आपल्याला अधिक जवळचा आहे.

आदिलाबादमधील एक जुने उदाहरण

आदिलाबाद जिल्ह्याला मुलाखतीवर आधारलेल्या संशोधनाची मोठी परंपरा आहे. १९४० मध्ये जोडेघाट येथे कोमरम भीम मारले गेल्यानंतर, गोंडांच्या असंतोषाची कारणे समजून घेण्यासाठी निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना पाचारण केले. ते मार्लवाई या गोंड खेड्यात राहिले. 'ट्रायबल हैदराबाद' (१९४५) आणि 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' (१९४८) ही पुस्तके त्यातून आली. त्यांच्या लेखनात गावे खऱ्या नावांनी येतात आणि माणसेही खऱ्या नावांनी येतात. त्या काळी मानववंशशास्त्राची रीतच तशी होती.

आज या लेखनाकडे दोन बाजूंनी पाहावे लागते. जमीन कशी गेली, जंगल खात्याने काय केले, हे सांगणाऱ्या माणसांची गाऱ्हाणी त्याच सरकारच्या दरबारी जात होती. त्यांना संरक्षण होते ते लेखकाच्या वजनाचे. १९४९ मध्ये ते लंडनच्या विद्यापीठात रुजू झाले. गोंडांना मिळालेल्या जमिनी पुढे पुन्हा कशा हातच्या गेल्या, हे त्यांनीच 'ट्राइब्ज ऑफ इंडिया' (१९८२) या पुस्तकात नोंदवले आहे. अभ्यासक गेला तरी पुस्तकातली नावे राहतात, हे यातून ध्यानात घ्यावे. दुसऱ्या बाजूने पाहता, आज त्या कुळांतील नातवाला आपल्या आजोबांचे नाव छापील पानावर सापडते आणि तो त्याचा अभिमान बाळगू शकतो. सरसकट नावे पुसली असती तर हा ठेवा उरला नसता. म्हणून 'नाव द्यावे की देऊ नये' याचा निर्णय संशोधकाने स्वतःच्या सोयीने करू नये, बोलणाऱ्याच्या इच्छेने करावा. बोलणाऱ्याला मात्र नाव छापण्याचे परिणाम आधी समजावून सांगितले पाहिजेत.

याच जिल्ह्यात अधिकारी म्हणून काम केलेले सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडी भाषा आत्मसात केली होती. दुभाष्याविना बोलता येणे हा गोपनीयतेचाही लाभ असतो. परंतु समोर बसलेला सरकारी अंमलदार आहे हे माणूस विसरत नाही. आपल्याकडे अंमलदाराच्या जागी अध्यापक असतो. शाळा सोडलेल्या मुलींवर किंवा शिष्यवृत्तीवर संशोधन करणारा अध्यापक जेव्हा स्वतःच्याच विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतो, तेव्हा उत्तर देणाऱ्याच्या मनात अंतर्गत गुणांचा हिशेब असतोच.

नाव बदलल्याने काय साधते?

आता तलमडुगूसारख्या ठिकाणाचा विचार करू. तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी बोलणारी माणसे इथे शेजारी शेजारी राहतात. समजा, कर्जबाजारीपणावरील प्रबंधात असे लिहिले : 'प्रतिसादक क्रमांक १७ : मुस्लिम विधवा, वय ४२, अंगणवाडी सेविका, दोन एकर कापूस, थोरला मुलगा हैदराबादेत.' नाव नाही, गावही नाही, फक्त मंडलाचे नाव आहे. तरीही ही बाई कोण हे ओळखायला गावकऱ्याला क्षणही लागणार नाही. दिल्लीतल्या वाचकापासून ती लपली. पण दिल्लीतल्या वाचकापासून तिला भय नव्हतेच. तिला भय होते ते सावकाराचे, दिराचे आणि शेजारणीचे. आपली गोपनीयता नेमकी याच माणसांपुढे उघडी पडते.

हा अनुभव परदेशातही आला आहे. अमेरिकेतील एका लहान गावाचा अभ्यास व्हिडिच आणि बेन्समन यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. गावाला 'स्प्रिंगडेल' असे टोपणनाव दिले होते आणि माणसांची नावेही बदलली होती. गावकऱ्यांनी एकमेकांना लगेच ओळखले आणि ४ जुलैच्या मिरवणुकीत लेखकाचा पुतळा शेणखताच्या गाडीवर बसवून आपला राग व्यक्त केला. लहान वस्तीत ओळख नावात नसते, तपशिलांच्या जुळणीत असते. म्हणून वय, व्यवसाय, जमीन, अपत्ये हे तपशील एकाच माणसाखाली एकत्र द्यावेत का, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते.

भाषेच्या अध्यापकांनी लक्षात घ्यावी अशी आणखी एक गोष्ट आहे. मुलाखतीतील उद्गार जसेच्या तसे देण्याचा आपला आग्रह असतो आणि तो योग्यही आहे. पण बोली हीसुद्धा ओळख असते. 'हौ', 'नक्को' म्हणणारी आणि मध्येच एखादा तेलुगू शब्द टाकणारी दखनी कुठली, मराठी वळणाची उर्दू कुठली, हे आपल्याकडच्या माणसाला कानाने कळते. एखादीची बोलण्याची लकब तर घरोघर ठाऊक असते. अशा वेळी नाजूक मजकूर प्रमाण मराठीत किंवा प्रमाण उर्दूत आणून द्यावा आणि तसे केल्याचे वाचकाला सांगावे. यात भाषेचा थोडा तोटा आहे. तो सोसावा.

गटचर्चेत वचन कोणाचे?

वैयक्तिक मुलाखतीत गुपित दोघांत असते. गटचर्चेत सहा ते दहा माणसे बसतात आणि ती सगळी ऐकतात. संशोधक फार तर स्वतःपुरते वचन देऊ शकतो. उरलेल्यांच्या वतीने देऊ शकत नाही. तरीही आपल्या संमतिपत्रकांत मुलाखतीसाठी आणि गटचर्चेसाठी तेच एक वाक्य छापलेले असते. गटचर्चेच्या बाबतीत ते खरे नसते.

यावर उपाय आहे. गटात 'तुमच्या घरात काय होते' असे विचारू नये, 'आपल्या वस्तीत साधारणपणे काय होते' असे विचारावे. हुंडा, मारहाण, कर्ज, आजार हे ज्याचे त्याने सांगायचे विषय एकट्याने घ्यावयाच्या मुलाखतीसाठी राखावेत. सासू-सून, मालक-मजूर, मुख्याध्यापक-शिक्षिका यांना एका गटात बसवू नये. सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे की, 'मी बाहेर बोलणार नाही; पण इतरांची हमी मला देता येत नाही, म्हणून तुम्ही बेताने बोला.' इतके ऐकून काही माणसे गप्प बसतील. तो त्यांचा हक्क आहे. दुभाषी किंवा माहिती गोळा करणारा विद्यार्थी त्याच गल्लीतला असेल, तर तोही गटातला एक ऐकणाराच असतो, हे विसरू नये.

वचनाची कायदेशीर मर्यादा

वकील आणि पक्षकार यांच्यातील संभाषणाला आपल्या पुरावा कायद्यात संरक्षण आहे. १९४८ च्या जनगणना कायद्यातील कलम १५ नुसार जनगणनेच्या नोंदी कोणाला पाहता येत नाहीत. महाविद्यालयीन संशोधकाच्या वहीला असे कवच नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सवलतीची तरतूद आहे. परंतु न्यायालयाने वही मागितली तर ती नाकारण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

बॉस्टन कॉलेजचा 'बेलफास्ट प्रकल्प' या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. उत्तर आयर्लंडच्या संघर्षात भाग घेतलेल्यांच्या मुलाखती २००१ पासून ध्वनिमुद्रित झाल्या. बोलणारा हयात असेपर्यंत त्या उघड होणार नाहीत, असे सांगितले गेले. प्रकल्प संचालकाच्या करारात 'अमेरिकी कायदा अनुमती देईल तितपत' अशी मर्यादा होती. मुलाखत देणाऱ्यांना दिलेल्या कागदात ती नव्हती. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या वतीने त्या ध्वनिफितींची मागणी झाली आणि न्यायालयीन लढतीनंतर काही फिती द्याव्या लागल्या. मर्यादेचा तो शब्द ज्यांच्या जिवाशी संबंधित होता, त्यांच्याच कागदातून तो गळाला होता.

आपल्याकडे याहून नित्याचा प्रश्न आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलावर वा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे. शाळकरी मुलींच्या मुलाखती घेताना 'काहीही सांग, कोणाला कळणार नाही' असे म्हणणारा संशोधक पाळता न येणारे वचन देतो. ही मर्यादा मुलीला आणि तिच्या पालकांना प्रश्न विचारण्यापूर्वी सांगितली पाहिजे.

एका वाक्याऐवजी

मराठीतील 'अनामत' हा शब्द अरबी-उर्दू 'अमानत'चेच रूप आहे. वस्तू ज्याच्या हाती ठेवली तो तिचा मालक होत नाही. ती जपणे आणि मागितल्यावर परत करणे एवढेच त्याच्याकडे असते. मजलिसीत झालेले बोलणे ही अमानत समजावी, हा संस्कार आपल्या वाचकांना नवा नाही. मुलाखतीतील बोलण्यालाही तोच न्याय लावला तर बऱ्याच गोष्टी सुलभ होतात. बोलणाऱ्याने 'ते काढून टाका' म्हटले तर काढून टाकावे लागेल. ध्वनिमुद्रण मोबाइलमधून आपोआप दुसरीकडे साठवले जात नाही ना, हे पाहावे लागेल. लिप्यंतरासाठी फाईल व्हॉट्सॲपवर पाठवता येणार नाही. नावांची यादी आणि उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी लागतील. प्राचार्यांनी किंवा संस्थाचालकांनी मूळ उत्तरे मागितली तरी नम्रपणे नकार द्यावा लागेल.

मुंबईच्या 'सेहत' संस्थेच्या समन्वयाने २००० मध्ये आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली, म्हणजे हा विचार आपल्याकडे नवा नाही. तो पद्धतीच्या प्रकरणापर्यंत पोहोचलेला नाही, एवढीच तक्रार आहे. तेव्हा त्या ठराविक वाक्याऐवजी संशोधकाने पाच गोष्टी लिहाव्यात : माहिती कोणापासून जपायची होती; मुलाखतीच्या वेळी आणखी कोण हजर होते; कोणते तपशील बदलले वा गाळले; नोंदी कुठे आहेत आणि केव्हा नष्ट होतील; आणि कोणते वचन देता आले नाही. यासाठी पाऊण पान पुरेल. मार्गदर्शन करणाऱ्या अध्यापकांनी या पाऊण पानाशिवाय प्रकरण मान्य करू नये. प्रबंध सादर झाल्यावर आपण दुसऱ्या विषयाकडे वळतो. उत्तरे देणारी बाई मात्र त्याच गावात, त्याच सावकाराच्या आणि त्याच शेजाऱ्यांच्या सोबत राहत असते.