‘प्रतिभूती’ : एका प्रशासकीय संज्ञेची चिकित्सा

सार्वजनिक पैसा सांभाळणाऱ्याकडून तारण घ्यावे, हे तत्त्व 1850 च्या 12 व्या अधिनियमाने सरकारी हिशेबदारांपुरते विधिबद्ध केले. या तारणासाठी योजिली जाणारी ‘प्रतिभूती’ ही संज्ञा मात्र चिकित्सेस पात्र आहे. काशिकावृत्तीनुसार ‘प्रतिभू’ म्हणजे धनको व ऋणको यांच्यामध्ये विश्वासार्थ उभा राहणारा मनुष्य होय. हजर करणे, खात्री देणे व ऋण फेडणे असे त्याचे त्रिविध दायित्व याज्ञवल्क्यस्मृतीने सांगितले आहे. अरबीतून आलेला ‘जामीन’ही मूळचा मनुष्यवाचकच. ‘प्रतिभूती’त हा मनुष्य लोपून केवळ रक्कम उरते.

हा भेद निव्वळ शाब्दिक नव्हे. जामीनदाराच्या जागी विमा आला, की त्यास ‘संरक्षण’ म्हणतात. वस्तुतः निष्ठा-हमी विम्याने संरक्षण मिळते ते ग्रामनिधीला, ग्रामसेवकाला नव्हे. भरपाई दिल्यावर विमा कंपनी ती अपहार करणाऱ्याकडून वसूल करू शकते. जामीनदाराचे दायित्व तर, करारात अन्यथा ठरले नसल्यास, 1872 च्या संविदा अधिनियमानुसार मूळ ऋणकोइतकेच असते. झरी जामणीसारख्या तालुक्यात कित्येकांची मातृभाषा कोलामी वा गोंडी. मराठी त्यांना दुसरी. तेथे बंधपत्रावर अंगठा उमटविणाऱ्यास ‘प्रतिभूती’वरून हे ओझे कसे उमगावे?

म्हणून व्यक्तीस ‘जामीनदार’, वस्तूस ‘तारण’ व विम्यास ‘अपहार-भरपाई विमा’ असे तीन स्वतंत्र शब्द योजावेत. संज्ञेची शुद्धता दुय्यम होय. सही करणाऱ्यास आपण कशास बांधले जातो हे कळावे, हीच तिची खरी कसोटी.