चेहरा झाकलेली आई

चित्रातील व्यक्तीचा भाव शोधू लागलो म्हणजे आपली दृष्टी प्रथम चेहऱ्याकडे वळते. आपली बहुतेक चित्रसमीक्षा मुखमुद्रेच्या वर्णनापाशीच थबकते, हेही कबूल केले पाहिजे. केटे कोल्वित्स या जर्मन चित्रकर्त्रीचे 'मृत मुलासह स्त्री' (१९०३) हे एचिंग पाहताना ही सवय अगदी निरुपयोगी ठरते.

मांडी घालून बसलेली एक विवस्त्र स्त्री मृत मुलाला कवटाळून आहे. तिचे तोंड मुलाच्या छातीत इतके रुतले आहे की मुद्रा म्हणून वाचावे असे त्यात फारसे उरतच नाही. मुलाचे डोके मागे कलंडलेले, फिकट आणि जवळजवळ शांत आहे. शोक आहे तो पुढे आलेल्या त्या थोरल्या गुडघ्यात, आवळलेल्या बाहूत आणि खांद्याच्या बाकात. आंगिक अभिनयाचा विचार करताना भरताने छाती, कटी, पाय यांनाही स्थान दिले होते, याचे येथे स्मरण होते.

हा परिणाम माध्यमाशी निगडित आहे. एचिंगमध्ये धातूच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन तो सुईने खरवडतात. उघड्या पडलेल्या रेषा मग अम्ल खाते. रेषेची खोली हाताच्या जोरापेक्षा अम्लात घालवलेल्या वेळावर ठरते. (पत्र्यावर जे डावे ते कागदावर उजवे होते, भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्याला या उलटापालटीचे नवल वाटू नये, तरी मला वाटते.) कोल्वित्सने एवढ्यावर न थांबता थेट धातूवर सुई चालवली, सँडपेपर वापरला, मऊ लेपावर रेघाळ कागदाचा ठसा उमटवला. त्यामुळे त्या मातेची कांती मृदू राहिलेली नाही. ती घासलेली, ओरखडलेली दिसते. तैलरंगांत हाच देह कदाचित केवळ करुण वाटला असता. येथे त्यात काहीसे पशुतुल्य आले आहे, आणि ते मला चित्राचे सामर्थ्य वाटते.

या चित्रासाठी कोल्वित्सने सात वर्षांच्या पेटर या आपल्या मुलाला कुशीत घेऊन आरशात स्वतःलाच रेखाटले होते. हा पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियमच्या रणभूमीवर मारला गेला. तेव्हापासून या चित्रात भविष्यवाणी पाहण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो अनुचित वाटतो. रेखाटताना श्रमाने आपण कण्हत होतो आणि मुलानेच आपली समजूत घातली, असे तिने स्वतः सांगितले आहे. त्या बाहूंवरचा भार जिवंत मुलाचा होता. १८९१ पासून ती बर्लिनच्या कामगारवस्तीत डॉक्टर पतीसह राहत होती, आणि तेथे बालमृत्यू ही नित्याची गोष्ट होती. दुसऱ्यांचे दुःख तिने आपल्या स्नायूंवर पेलून पाहिले. ते सोसलेले नव्हते म्हणून खोटे ठरते काय? चित्राला भाकीत म्हणणारे नकळत तिच्या हातून तिची कर्तबगारी काढून घेतात.

पुत्रवियोगानंतर तिने काय घडवले, हे पाहायचे असेल तर १९३७-३८ मधील माता व मृत पुत्राचे लहानसे शिल्प पाहावे. त्याची मोठी प्रतिकृती १९९३ पासून बर्लिनच्या नॉये वाखे या स्मारकवास्तूत आहे. तेथे पुत्र मातेच्या गुडघ्यांमध्ये निपचित पडला आहे, आणि वृद्ध आई विचारात बुडून गेली आहे. १९०३ ची आई मुलाला अजून सोडायला तयार नाही.