लातूरचा दुसरा पॅटर्न

लातुरात 'पॅटर्न' म्हटलं की समोरचा आधी बारावीचा निकाल विचारतो. राजर्षी शाहू महाविद्यालयातून निघालेल्या 'लातूर पॅटर्न'ने हा शब्दच ताब्यात घेतला आहे. त्यामुळे नक्षीच्या पुनरावृत्तीतून अमूर्त मुद्राचित्रं करणाऱ्याची पंचाईत होते. 'नक्षी' म्हणावं तर काम दारातल्या रांगोळीशेजारी जाऊन बसतं, 'अमूर्त' म्हणावं तर पाहुणा पुढच्या चित्राकडे सरकतो.

खरं तर नक्षी इथल्या पोरांच्या हाताखालून गेलेली असते. शासकीय रेखाकला परीक्षांमध्ये संकल्पचित्राचा कागद असतो. चौकोन आखायचा, एक घटक घ्यायचा, तो फिरवत फिरवत जागा भरायची. नांदेड-लातूरकडच्या शाळांतून किती तरी मुलं एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसतात, दहावीला वाढीव गुण मिळवतात आणि पोस्टर कलरच्या बाटल्या माळ्यावर टाकतात. पुनरावृत्ती हा विचार असू शकतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

घरातली गोधडी तरी तेच सांगत असते. जुन्या लुगड्यांचे तुकडे, त्यावर काठापासून आत सरकणारा धावदोरा, चौकोनात चौकोन. टाका तोच, पण हात दमला की तो लांबतो आणि ओळ किंचित वाकते. किनवट-मुखेडकडच्या तांड्यांवरच्या लमाणी भरतकामातही आरसे आणि टाके यांचा हिशेब असाच चालतो. आमच्याकडच्या प्रदर्शनांत मात्र वारलीच्या नकला टांगलेल्या दिसतात. पालघरचं लातुरात येऊन बसलं, गोधडी राहिली पेटीत.

नक्षीकडून चित्राकडे जाणारी ही वाट नवी नाही. चित्रकार प्रभाकर बरवे १९६१ मध्ये बनारसच्या विणकर सेवा केंद्रात रुजू झाले. विणकामासाठी आराखडे करणं हा तिथला रोजचा उद्योग होता. तिकडे ॲनी अल्बर्स ही हातमागावर आयुष्य घालवलेली कलावंत १९६३ मध्ये लॉस एंजेलिसच्या टॅमरिंड कार्यशाळेत शिळाछापाकडे वळली, आणि पुढे तिने मागच सोडला. विणकराला ठसा परका वाटला नाही, कारण दोन्हीकडे तोच प्रश्न: तीच गोष्ट पुन्हा करताना काय बदलतं?

तंत्राच्या बाजूनेही मुद्राचित्र या भागाला सोयीचं आहे. लिनोचा एकच तिरका घटक कोरला आणि चार चौकटींत प्रत्येकी चार दिशांना फिरवता आला, तर २५६ मांडण्या निघतात. ॲक्वाटिंट-एचिंगला अवजड प्रेस, आम्ल, भिजवलेला कागद आणि धुण्यासाठी पाणी लागतं; २०१६ च्या एप्रिलात ज्या शहरात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हे लाड कोण पुरवणार? लिनोला शाई, रोलर आणि पाठीमागून घासायला चमचा पुरतो. छापलेले कागद गुंडाळून नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला नेता येतात. कॅनव्हासचे खोके मालडब्यात टाकावे लागत नाहीत. दालनांपासून इतक्या दूर असलेल्या मुलखाला याहून परवडणारं माध्यम मला तरी सुचत नाही.

तरीही मुद्राचित्र इथे अपवादानेच दिसतं. मला एक कारण संगणकाचं वाटतं. फ्लेक्सच्या दुकानातलं कोरलड्रॉ दोन क्लिकमध्ये हजार चौकोन उभे करतं, सगळे सारखे. तसा छापील तुकडा 'मर्यादित आवृत्ती' म्हणून विकला की खोट लागते ती सगळ्याच मुद्राचित्रांना. (चित्राखाली पेन्सिलीने लिहिलेले ३/१२ म्हणजे बारांतली तिसरी प्रत, गुण नव्हेत, हे लातुरात आधीच सांगून ठेवलेलं बरं.) दुसरं कारण खुद्द चित्रकारांचं. प्रत म्हणजे नक्कल, ही भीती. मग बारापैकी सर्वांत निर्दोष प्रत निवडायची, तिला काच घालायची आणि तैलचित्राच्या तोऱ्यात एकटीच टांगायची. उरलेल्या अकरा खाटेखाली.

दालनासाठी तयारी करणाऱ्याने उलट करून पाहावं. बाराही कागद, काचेविना, नुसत्या चिमट्यांनी एका ओळीत. पहिल्यांत शाई दाट, कडा भरलेल्या. पुढे कुठे रोलर कोरडा फिरलेला, कुठे ठसा केसभर सरकलेला, कुठे एक कोपरा पांढराच राहिलेला. मग बघणारा या कागदावरून त्या कागदावर जाईल, परत मागे येईल आणि नक्की काय बदललं ते शोधत उभा राहील.